उशिरा निघालेली पेटंटं आणि जेरोम लेमेलसन: तुमचे प्रश्न

या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून एकाच माणसाबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकी विषय पुढच्या अंकात ढकलून सगळं सदर त्यालाच देतोय. माणूस म्हणजे जेरोम लेमेलसन, अमेरिकेचा इन्व्हेंटर, नावावर ६०० च्या वर पेटंटं. त्यातली सगळ्यात जास्त कमाई करून देणारी पेटंटं कोर्टाने त्याच्या मृत्यूनंतर निरुपयोगी ठरवली, कारण काय तर ती फार उशिरा काढली. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: एकट्या माणसाची ६०० पेटंटं कशी असू शकतात? हा खरंच शोध लावणारा होता की नुसते कागद रंगवणारा? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी)

खरा इन्व्हेंटर होता. हे आधीच सांगतोय कारण पुढचं वाचून बरेच जण त्याला सरळ भामटा म्हणून मोकळे होतात आणि मग या प्रकरणात समजून घेण्यासारखं जे आहे ते सगळं हातातून निसटतं.

जन्म १९२३ चा, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, वडील डॉक्टर. लहानपणी त्याने वडिलांसाठी जीभ दाबून घसा बघायच्या पट्टीला छोटा दिवा बसवून दिला होता. महायुद्धात आर्मी एअर कोअरमध्ये होता, शिक्षण न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत, एरोनॉटिकल आणि इंडस्ट्रियल अशा दोन्हीकडच्या डिग्र्या, पुढे नेव्हीच्या पैशावर चाललेल्या प्रोजेक्ट स्क्विडमध्ये पल्स जेट आणि रॉकेट इंजिनांवर काम, मग रिपब्लिक एव्हिएशनमध्ये नोकरी. नंतर नोकऱ्या सोडून पूर्णवेळ शोधच लावायला लागला. उशाशी वही असायची, रात्री जाग आली की सुचलेलं लिहून परत झोपायचा. बायको डोरोथी इंटिरिअर डिझायनर होती, आणि बरीच वर्षं घर तिच्या कमाईवर टिकलं हे विसरू नका, असल्या गोष्टींत ते नेहमी मागे राहतं.

खेळणी, ऑटोमॅटिक गोदामं, रोबोट, फॅक्टरीतली तपासणी, मेडिकल उपकरणं, काही म्हणजे काही सोडलं नाही त्याने. सरासरी काढली तर चाळीसेक वर्षं दर महिन्याला एक पेटंट पडतं. ऑडिओ कॅसेट चालवणाऱ्या यंत्रणेचं लायसन्स १९७४ मध्ये सोनीने घेतलं, पुढे आयबीएमनेही त्याच्या पेटंटांचं लायसन्स घेतलं, म्हणजे जाणत्या कंपन्यांना त्यात दम दिसला होता. आणि वकिलाची फी परवडायची नाही म्हणून बरेचसे अर्ज तो स्वतःच लिहायचा. ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादाला फार महत्त्वाची आहे कारण त्यातून पेटंट ऑफिसचा कारभार, कुठला कागद कधी टाकायचा, कुठला राखून ठेवायचा, हे त्याला बारकाईने कळत गेलं.

प्रश्न: अर्ज १९५४ चा आणि पेटंट १९९० च्या आसपास, हे कायद्यात बसतंच कसं? ऑफिसवाल्यांनी इतकी वर्षं काय केलं?

हाच खरा प्रश्न आहे, जरा निवांत घेऊ.

पेटंट हा सौदा असतो. इन्व्हेंटरने आपली युक्ती पूर्ण उघड करून जगासमोर मांडायची, दुसऱ्या कुणाला वाचून ती बनवता आली पाहिजे इतकी स्पष्ट, आणि त्या बदल्यात सरकार त्याला ठरावीक वर्षं एकट्याचा हक्क देतं, मुदत संपली की ती युक्ती सगळ्यांची. यात दोन तारखा कळीच्या, उघड कधी झालं आणि हक्क कधी संपणार. अमेरिकेच्या कायद्यात नेमक्या या दोन्ही तारखा इन्व्हेंटरला पुढे ढकलता येत होत्या.

एक म्हणजे १८६१ पासून १९९५ पर्यंत तिथे पेटंटची मुदत १७ वर्षं होती आणि ती अर्जापासून नाही तर पेटंट मंजूर झाल्या दिवसापासून मोजायचे. म्हणजे अर्ज दोन वर्षं पडून राहिला काय आणि तीस वर्षं राहिला काय, मंजूर झाल्यावर पूर्ण १७ वर्षं मिळणारच. दुसरं म्हणजे मंजूर होईपर्यंत अर्ज गुप्त. युरोपात आणि जपानमध्ये बरीच वर्षं आधीपासून १८ महिन्यांनी अर्ज छापून उघड करायची पद्धत होती, अमेरिकेत नव्हती. तिसरी गोष्ट म्हणजे कंटिन्युएशन. एक अर्ज ऑफिसात जिवंत असताना त्याचाच मजकूर घेऊन दुसरा अर्ज टाकायचा, त्याला पहिल्या अर्जाची जुनी तारीख मिळते, मग दुसरा निकाली निघायच्या आत तिसरा, अशी साखळी चालू ठेवायची. मजकुरात नवीन काही घालता येत नाही, पण क्लेम, म्हणजे पेटंटच्या शेवटी जी वाक्यं असतात ज्यांच्यावरून तुमचा हक्क नेमका कुठपर्यंत जातो ते ठरतं, ती मात्र प्रत्येक वेळी नव्याने लिहिता येतात.

आता हे तिन्ही एकत्र करा. १९५४ आणि १९५६ मध्ये लेमेलसनने मोठाले अर्ज टाकले, त्यांच्यातून साखळ्या निघत गेल्या, दरम्यान ५० चं दशक संपलं, ६० चं संपलं, बाजारात दुसऱ्या लोकांनी आपापल्या डोक्याने मशीन बनवली, विकली, कारखाने त्यावर उभे राहिले, आणि ती मशीन बघून मग जुन्या मजकुरातून असे क्लेम लिहिता येत होते जे त्यांच्यावर बरोबर बसतील, तारीख मात्र १९५४ ची. अमेरिकेत याला सबमरीन पेटंट म्हणतात. ज्यांच्यावर ते येऊन आदळायचं त्यांना आधी शोधायची काही सोयच नव्हती कारण अर्ज गुप्त, वकिलाला कितीही पैसे देऊन सर्च करायला लावला तरी सापडणार नाही.

कोर्टात जी पेटंटं आली त्यांत अर्ज आणि मंजुरी यांच्यामधलं अंतर १८ ते ३९ वर्षं होतं. १९१४ ते २००१ या काळात सगळ्यात लांब रेंगाळलेल्या पेटंट अर्जांची क्रमवारी लावली तर पहिले तेरा नंबर एकट्या लेमेलसनचे निघाले, हे कोर्टाच्या निकालातच नोंदवलंय.

ऑफिसने काय केलं? ऑफिसने त्याला थांबवलं नाही, कारण प्रत्येक कागद नियमाप्रमाणे मुदतीत येत होता आणि तपासनीसासमोर एका वेळी एक अर्ज असतो, चाळीस वर्षांची पूर्ण साखळी कुणी एकत्र बघतच नव्हतं. मला विचाराल तर यातला अर्धा दोष त्या कायद्याचा आहे.

प्रश्न: बारकोडचा शोध लेमेलसनने लावला असं एका ठिकाणी वाचलं. खरं का?

नाही. बारकोडचं पेटंट नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांचं, अर्ज ऑक्टोबर १९४९ चा, मंजूर झालं ऑक्टोबर १९५२ मध्ये, म्हणजे तीन वर्षांत काम झालं. आणि त्यांचं नशीब बघा, पेटंट वेळेवर मिळालं, वेळेवर उघड झालं, पण ते वाचणारा स्वस्त लेसर आणि कॉम्प्युटर तेव्हा नव्हते. त्यांनी ते पेटंट १५,००० डॉलरला विकून टाकलं, १९६९ मध्ये त्याची मुदत संपली, आणि दुकानात आजच्या बारकोडचं पहिलं स्कॅनिंग झालं २६ जून १९७४ ला, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये, च्युइंग गमच्या पाकिटावर. म्हणजे ज्यांनी नियमाने वागून सगळं आधीच जगासमोर मांडलं त्यांच्या हातात धंदा सुरू व्हायच्या वेळी काहीच नव्हतं. हे वाचल्यापासून मला लेमेलसनच्या बाजूने केलेला कुठलाही युक्तिवाद पूर्ण पटलेला नाही, तुमचं काय मत होईल ते तुम्ही ठरवा.

लेमेलसनने ५० च्या दशकात जे लिहिलं ते वेगळं होतं. फॅक्टरीत बेल्टवरून वस्तू येते, ठरलेल्या जागी थांबते, टीव्ही कॅमेऱ्यासारखं काहीतरी तिच्यावरून ओळीओळीने फिरतं, त्यातून जो व्हिडिओ सिग्नल निघतो तो टेपवर आधीच भरून ठेवलेल्या चांगल्या वस्तूच्या सिग्नलशी ताडून बघायचा, फरक पडला की वस्तूत खोट आहे. त्या काळी हा विचार करणं ही साधी गोष्ट नव्हे, मशीनला बघायला शिकवायची कल्पना आहे ती, आणि तिचं श्रेय त्याला द्यायलाच पाहिजे. पुढे याच पेटंटांच्या जोरावर बारकोड स्कॅनर वापरणाऱ्यांकडेही पैसे मागितले गेले, पण बारकोड स्कॅनर असा चालत नाही. दुकानात तुम्ही पाकीट तिरकं धरा, उलटं धरा, हलवत धरा, स्कॅनर पट्ट्यांच्या जाडी-बारीकपणातून आकडा काढतो, वस्तू अमुक जागी अमुक कोनात ठेवलेली असावी ही अटच नाही. ही पेटंटं शेवटी ज्या नेवाडा राज्यातल्या कोर्टात गेली (ती केस पुढच्या उत्तरात) त्याने नेमका हाच मुद्दा धरला, लेमेलसनच्या क्लेममध्ये वस्तू आधीच ठरवलेल्या जागी असणं अपेक्षित आहे आणि स्कॅनरमध्ये तसं काही नसतं, म्हणून पेटंटचा भंग झालाच नाही. वर असंही म्हटलं की त्या काळच्या जाणकार माणसाने तो मजकूर वाचून असलं मशीन बनवायचं ठरवलं असतं तरी ते त्याला जमलं नसतं, इतकी माहिती त्यात नव्हती.

म्हणजे उशिराचा मुद्दा बाजूला ठेवला तरी केस हरलीच होती. हे फारसं कुणी लिहीत नाही.

प्रश्न: मग मोठमोठ्या कंपन्यांनी निमूट पैसे का भरले? त्यांच्याकडे वकिलांची काय कमी होती?

कारण भरणं स्वस्त पडत होतं. पेटंट केस लढायला काही लाख डॉलर सहज जातात, वर्षं जातात, ज्युरी काय करेल याचा भरवसा नसतो, आणि लायसन्सची रक्कम बऱ्याचदा त्यापेक्षा कमी मागितली जायची. शिवाय चाल अशी होती की स्कॅनर आणि कॅमेरे बनवणाऱ्यांना हात न लावता ते वापरणाऱ्यांना पत्रं जायची, म्हणजे कार कंपन्या, इलेक्ट्रॉनिक्सवाले, नंतर दुकानांच्या साखळ्या. वापरणाऱ्याला त्या मशीनच्या आत काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं, तो म्हणतो द्या आणि विषय संपवा. जेराल्ड होझियर नावाचा वकील लेमेलसनबरोबर आल्यावर या मोहिमेला खरी धार आली. १९९२ मध्ये जपानी कार कंपन्यांनी मिळून सुमारे १० कोटी डॉलर दिले. एकाने दिलं की दुसऱ्यावर दबाव, असं करत ९०० च्या वर लायसन्स गेली आणि एकूण वसुली दीड अब्ज डॉलरच्या घरात पोचली.

फोर्ड कंपनीने आधी झुंज दिली होती. १९९५ मध्ये मॅजिस्ट्रेटने त्यांच्या बाजूने शिफारसही केली की इतक्या उशिराची पेटंटं लागू करू नयेत, पण वरच्या न्यायाधीशांनी ती नाकारली आणि १९९८ मध्ये फोर्डने तडजोड केली. शेवटी उभ्या राहिल्या त्या सिम्बॉल टेक्नॉलॉजीज आणि कॉग्नेक्स, एक स्कॅनर बनवणारी, दुसरी मशीन व्हिजनची, म्हणजे कॅमेऱ्याने बघून वस्तू तपासणाऱ्या यंत्रणांची. त्यांच्यावर केस झालेलीच नव्हती, पण त्यांचे ग्राहक पत्रं घेऊन त्यांच्या दारात येत होते की तुमच्या मशीनमुळे आम्हाला भुर्दंड, तुम्ही भरून द्या. तेव्हा याच दोघी आणि त्यांच्यासोबत आणखी काही कंपन्या कोर्टात गेल्या. २००२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की नियम पाळले असले तरी अवाजवी उशीर हा बचावाचा मुद्दा होऊ शकतो. मग नेवाडात न्यायाधीश फिलिप प्रो यांच्यासमोर २७ दिवस सुनावणी, जानेवारी २००४ मध्ये निकाल, १४ पेटंटांतले ७६ क्लेम लागू करता येणार नाहीत, आणि सप्टेंबर २००५ मध्ये अपील कोर्टाने तो कायम केला, उलट त्या पेटंटांतले राहिलेले क्लेमही त्यात ओढले. लेमेलसन १९९७ मध्येच लिव्हरच्या कॅन्सरने गेला होता, त्यामुळे हे त्याने पाहिलं नाही. शेवटच्या वर्षातही तो अर्ज टाकतच होता, आणि त्यांतले बरेच कॅन्सर ओळखण्याचे आणि त्यावरच्या उपचारांचे होते.

प्रश्न: तुम्ही लोक नेहमी कंपन्यांची बाजू घेता. एकट्या माणसाची आयडिया कंपन्या ढापतात, तो कोर्टात गेला की लोभी, आणि कंपनीने केलं की बिझनेस. लेमेलसनने काय चुकीचं केलं? (निवृत्त टूल अँड डाय मेकर)

तुमचा राग मला मान्य आहे आणि तो हवेतला नाहीये. ५० च्या दशकात लेमेलसनने मुलांसाठी कापून काढायचा मुखवटा नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावर छापायची कल्पना एका मोठ्या कंपनीला दाखवली, त्यांनी नको म्हटलं, आणि नंतर तशीच खोकी बाजारात आली, केस केली ती हरला. पुढे हॉट व्हील्स या खेळण्यातल्या गाड्यांच्या वाकणाऱ्या ट्रॅकवरून त्या बनवणाऱ्या मॅटेल कंपनीशी भांडला, ज्युरीने १९८९ मध्ये कोट्यवधी डॉलर दिले, अपिलात १९९२ ला सगळं गेलं. असल्या अनुभवांनी माणूस कडवट होतो आणि हातात जे हत्यार येईल ते धरतो, हे समजण्यासारखं आहे. एकट्या इन्व्हेंटरला अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या आत घेत नाहीत, बाहेरची आयडिया नको हा त्यांचा बाणाच असायचा, आणि तो या विरुद्ध जन्मभर बोलला. सरकारच्या पेटंट सल्लागार समितीतही बसला.

त्याच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दाही मांडतो. तो म्हणायचा की अर्ज तोडायला मला ऑफिसनेच सांगितलं, एका अर्जात एकच शोध असा नियम आहे, मग मी एकेक करून पुढे नेले तर माझं काय चुकलं. हे खोटं नाही. तसा नियम खरंच आहे आणि अपील कोर्टानेही २००५ च्या निकालात सांगितलं की ऑफिसच्या सांगण्यावरून अर्ज विभागणं, किंवा नवीन पुरावा आणायला वेळ घेणं, ही चांगली कारणं आहेत. पण विभागलेले अर्ज लगेच टाकता येतात की! सगळे एकदम टाकायला कुणी अडवलं नव्हतं. एक संपला की दुसरा, तो संपत आला की तिसरा, असं दशकानुदशकं करायला ऑफिसने सांगितलेलं नव्हतं.

आणि माझा मुद्दा कंपन्यांचा नाहीच मुळी. त्या ९०० कंपन्यांच्या मागे तुमच्यासारखी माणसं होती, ज्यांनी ६० च्या आणि ७० च्या दशकात स्वतःच्या डोक्याने सेन्सर जुळवले, स्कॅनर बनवले, चुकत चुकत शिकले. त्यांनी लेमेलसनचं काही चोरलं नव्हतं, चोरणार कुठून, ज्या क्लेमवर पुढे पैसे मागितले ते तर तेव्हा उघड झालेच नव्हते. त्याने १९६० मध्येच सगळी पेटंटं काढून छापून घेतली असती तर याच लोकांना ती वाचता आली असती, पटली असती तर लायसन्स घेता आलं असतं, नाहीतर वेगळा मार्ग काढता आला असता. ही संधीच त्यांना मिळाली नाही. सौद्यातली घेण्याची बाजू पूर्ण घेतली आणि द्यायची बाजू तीस-तीस वर्षं अडकवून ठेवली, चूक इथे आहे, आणि ती गरिबाने केली म्हणून कमी होत नाही.

उशीर झाला की माणूस दोषी असं मात्र मी म्हणत नाहीये. गॉर्डन गूल्ड बघा. नोव्हेंबर १९५७ मध्ये त्याने लेसरची कल्पना वहीत लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतला, एप्रिल १९५९ मध्ये अर्ज केला, आणि पहिलं महत्त्वाचं अमेरिकन पेटंट मिळालं १९७७ ला, दुसरं मोठं १९८७ ला. तोपर्यंत लेसर सगळीकडे पोचला होता, त्यामुळे त्यालाही उशिराचा पैशात फायदाच झाला, पण तो उशीर त्याने रचलेला नव्हता. दुसऱ्या शास्त्रज्ञांशी पहिलं कोण यावरून भांडण, ऑफिसचे नकार, कोर्टकचेऱ्या, यात ती वर्षं गेली आणि तो सतत पेटंट द्या म्हणून मागे लागलेला होता. गूल्ड दार ठोठावत होता, लेमेलसनला दार उघडायची घाई नव्हती. दोघांना एका पंक्तीत बसवणं गूल्डवर अन्याय आहे.

प्रश्न: मायक्रोप्रोसेसरचं पेटंट मिळालेल्या हायटचं प्रकरण हेच का?

त्याच जातीचं, पण अजून गुंतागुंतीचं. गिल्बर्ट हायट, कॅलिफोर्नियातला इंजिनिअर. डिसेंबर १९७० च्या अर्जाच्या तारखेवर त्याला जुलै १९९० मध्ये एका चिपवरच्या कॉम्प्युटरचं पेटंट मिळालं आणि सगळी चिप इंडस्ट्री हादरली, कारण इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला तो नोव्हेंबर १९७१ मध्ये. फिलिप्सच्या मार्फत लायसन्स गेली, भरपूर पैसा आला. मग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या गॅरी बूनशी पहिलं कोण यावर भांडण झालं, त्यात हायट पेटंट ऑफिसात हरला आणि १९९८ मध्ये अपिलातही हरला. मुद्दा होता की त्याच्या मूळ अर्जात एका चिपवर सगळं बसवायचं पुरेसं वर्णन नव्हतं.

त्या पैशावरच्या टॅक्सवरून कॅलिफोर्निया राज्याशी त्याचं जे भांडण लागलं ते तीनदा सुप्रीम कोर्टात गेलं, शेवटचं २०१९ मध्ये, पण ते आपल्या विषयाबाहेर आहे.

विषयातलं असं की ८ जून १९९५ ला अमेरिकेचा कायदा बदलणार होता, आणि त्याच्या आधीच्या काही दिवसांत हायटने शेकड्यांनी अर्ज टाकले, जुन्याच थोड्या अर्जांच्या प्रती काढून, जुन्या १७ वर्षांच्या नियमात बसावेत म्हणून. असं करणारा तो एकटा नव्हता, त्या आठवड्यांत ऑफिसात अर्जांचा पूर आला होता. पण त्याच्या अर्जांतले क्लेम पुढे वाढत वाढत एकूण सुमारे १,१५,००० वर गेले. एक तपासनीस माणूस हे कधी वाचून संपवणार? उलट हायटचं म्हणणं की ऑफिसने मला काहीही झालं तरी पेटंट द्यायचं नाही असं ठरवूनच टाकलंय आणि उशीर त्यांनी केलाय. २०२१ मध्ये अपील कोर्टाने पेटंट ऑफिसलाही उशिराचा मुद्दा हायटविरुद्ध वापरता येईल असं सांगितलं, आणि त्यात आधार म्हणून लेमेलसनचाच निकाल पुढे केला. मला इथे दोन्ही बाजूंचा थोडा थोडा दोष दिसतो, पण लाखावर क्लेम करणाऱ्याने ऑफिस हळू चालतं अशी तक्रार करणं मला पटत नाही.

प्रश्न: ही युक्ती लेमेलसननेच पहिल्यांदा शोधली का?

अजिबात नाही. रॉचेस्टरचा वकील जॉर्ज सेल्डन, याने १८७९ मध्ये मोटारगाडीच्या पेटंटचा अर्ज केला. ऑफिसच्या पत्राला उत्तर द्यायला तेव्हा दोन वर्षं मिळायची, ती जवळजवळ पूर्ण वापरत, दुरुस्त्या करत त्याने १६ वर्षं काढली आणि पेटंट घेतलं नोव्हेंबर १८९५ मध्ये, जेव्हा गाड्यांचा धंदा उभा राहायला लागला होता. मग कार कंपन्यांची संघटना त्याला प्रत्येक गाडीमागे रॉयल्टी देत होती, हेन्री फोर्डने नकार दिला, १९०९ ला हरला आणि जानेवारी १९११ मध्ये अपिलात जिंकला, कारण सेल्डनचं इंजिन वेगळ्या जातीचं होतं आणि फोर्डच्या गाडीत ते नव्हतंच. लेमेलसनच्या बारकोडचंही असंच झालं नाही का, क्लेम एका मशीनवरून लिहिला आणि लावला दुसऱ्याच मशीनला. म्हणजे १९११ मध्ये सगळ्यांना भोक दिसलेलं होतं आणि ते बुजवायला १९९५ उजाडलं. या ८४ वर्षांचा मला लेमेलसनपेक्षा जास्त राग येतो.

प्रश्न: आज कुणी असं करू शकतो का?

त्या प्रमाणात नाही. ८ जून १९९५ पासून टाकलेल्या अर्जांना मुदत २० वर्षं आणि ती पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे साखळी लांबवली की स्वतःचीच वर्षं कमी होतात. २९ नोव्हेंबर २००० पासून अमेरिकेतही बहुतेक अर्ज १८ महिन्यांनी उघड होतात. फक्त अमेरिकेतच पेटंट हवंय, बाहेर कुठे अर्ज करणार नाही असं लिहून दिलं तर गुप्त ठेवायची सोय अजून आहे, पण मुदत तीच असल्याने दडवून फार काही मिळत नाही. आणि ऑफिसच्याच चुकीने उशीर झाला, तीन वर्षांत पेटंट निघालं नाही, तर तेवढे दिवस मुदतीत वाढवून मिळतात, अर्जदाराने घालवलेले दिवस त्यातून कापतात. मला हे सगळ्यात न्याय्य वाटतं, दिवस कुणी घालवला ते बघून हिशोब.

कंटिन्युएशन मात्र अजून आहेत. बाजारातलं प्रॉडक्ट बघून जुन्या मजकुरातून नवीन क्लेम लिहिणं आजही कायदेशीर आहे आणि मोठ्या कंपन्या ते रोज करतात, फक्त २० वर्षांच्या आत. हे बंद करावं का यावर वकिलांत दोन तट आहेत. माझं मत, बंद करू नये, कारण छोट्या इन्व्हेंटरला आपल्या शोधाचा नेमका उपयोग काय ते कळायला वेळ लागतो, पण मूळ मजकुरात खरंच ते लिहिलेलं होतं का हे तपासणं आत्तापेक्षा कडक हवं.

प्रश्न: लेमेलसनच्या नावाचं एमआयटीचं बक्षीस याच पैशातून? ते घेणं योग्य होतं का?

हो, त्याच पैशातून. जेरोम आणि डोरोथीने फाउंडेशन काढलं, एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाबरोबर १९९४ मध्ये इन्व्हेंटरसाठी ५ लाख डॉलरचं बक्षीस सुरू केलं (ते आता दिलं जात नाही), आणि स्मिथसोनियनच्या अमेरिकन हिस्टरी म्युझियममध्ये १९९५ पासून शोधांच्या अभ्यासाचं लेमेलसन सेंटर आहे. शाळकरी मुलांना हाताने काहीतरी बनवायला लावणाऱ्या कामांनाही तिथून पैसा गेलाय. तो पैसा ज्यांनी भरला त्यांना नंतरच्या निकालामुळे परत मिळाला असं नाही, लायसन्सचे करार झाले ते झाले. बक्षीस मिळवलेल्या इन्व्हेंटरांचा त्या पेटंटांशी काही संबंध नव्हता, त्यांनी ते घेतलं आणि काम केलं यात काही चूक नाही. फक्त त्या सेंटरमध्ये कुणी लेमेलसनची गोष्ट सांगत असेल तर २००५ चा निकाल गाळू नये, आणि निकाल सांगणाऱ्याने १९५४ चा तो अर्ज गाळू नये.